उसनं नाक

“येतोय का आंबट वास?”

“येतोय की.”

“कसा आंबट? ताकासारखा, की मोरीत दोन दिवस पडलेल्या ओल्या फडक्यासारखा?”

“आंबट म्हणजे आंबट. त्यात कसले आलेत प्रकार?”

मागच्या पडवीत बादलीवर वाकलेले हे, आणि त्यांच्या पाठीशी डाव हातात घेऊन उभी मी. गेल्या जूनमध्ये आमच्याकडे दिवस असा उजाडायचा. बादलीत कोंबड्यांचं खाद्य आंबायला घातलेलं. ते नीट आंबलं की नासलं हे वासावरून ओळखायचं, असं ज्याला विचारावं तो सांगे. आणि मला वास येत नाही.

2021 च्या एप्रिलमध्ये डोंबिवलीत आम्हा दोघांना करोना झाला. ह्यांचं सगळं पंधरा दिवसांत जागेवर आलं. माझा वास गेला तो गेलाच. सर्दी होते, शिंका येतात, नाकाची बाकी सगळी कामं चालू आहेत. वास तेवढा नाही. जिभेला आंबट, खारट, गोड, कडू कळतं. पण कढीपत्ता फोडणीत पडल्याचं मला आता तडतडण्यावरून कळतं, आणि भाजी लागल्याचं ह्यांच्या तोंडाकडे बघून. इडलीचं पीठ कितपत आलंय ते मी एके काळी स्वयंपाकघराच्या दारातून सांगायचे. आता झाकण काढून जाळी पडलीय का बघते, बोटाने चाटते आणि देवाचं नाव घेऊन पात्र लावते.

हे निवृत्त झाल्यावर आम्ही देवरुखजवळच्या गावी, सासऱ्यांच्या घरी राहायला आलो. कोंबड्या ह्यांच्या डोक्यातल्या. शेजारच्या काकींनी चार गावरान तलंगा दिल्या, आणि पाच गिरिराजची पिल्लं विकत आणली. गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने परसासाठी तयार केलेली जात; अंगाने थोराड, स्वभावाने सावकाश. पाचातला एक कोंबडा निघाला. म्हणजे आठ कोंबड्या, एक कोंबडा, आणि त्यांच्यामागे धावणारी साठीला टेकलेली दोन माणसं, ज्यांनी आयुष्यभर कोंबडी पाहिली ती दुकानातल्या आकड्याला टांगलेली.

खाद्याचा घोळ पहिल्या पावसातच सुरू झाला. लेअर मॅश म्हणून जे पोतं मिळतं त्यात मक्याचा भरडा, सोयाबीनची पेंड, कोंडा, चुना, क्षार असं सगळं दळून एकत्र केलेलं असतं. कोंबडी हुशार. ती चोचीने मक्याचे कण तेवढे वेचते आणि खालची भुकटी पायाने उडवते. ती भुकटी म्हणजेच खरं तर पोषण, पैसे देऊन आणलेलं. ती जमिनीवर सांडायची, पागोळ्यांच्या पाण्याने भिजायची, दुसऱ्या दिवशी तिचा लगदा, तिसऱ्या दिवशी त्यावर हिरवट बुरा. रात्री घुशी.

ह्यांची भाची दापोलीला कृषी विद्यापीठात शिकते. तिला फोन केला.

“मामी, भिजवून आंबवून दे ना. भुकटी दाण्यांना चिकटते, वाया जात नाही. पचायलाही हलकं.”

“ते कसं करायचं?”

“सोपंय. बादलीत घाल, वर चार बोटं पाणी ठेव, दिवसातून दोनदा ढवळ. दोन-तीन दिवसांत आंबट वास आला की द्यायचं.”

“आणि बिघडलं तर कसं कळणार?”

“वासावरून कळतंच की!” म्हणाली, आणि मग तिला आठवलं. फोनवर थोडा वेळ दोघी गप्प. “मामाला हुंगायला सांग,” ती म्हणाली.

पहिला घाणा मी बादलीत घातलाच नाही. बादलीला झाकण नव्हतं, आणि स्वच्छतेची सवय. म्हणून लोणच्याची पाच लिटरची प्लॅस्टिकची बरणी घेतली, तीत निम्म्यापर्यंत मॅश, वर विहिरीचं पाणी, आणि फिरकीचं झाकण घट्ट आवळलं. लोणच्याला आवळतो तसं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरणीचा तळ फुगून ती पडवीत डुगडुगायला लागली होती. हे म्हणाले, “बघू,” आणि झाकणाला हात घातला.

आवाज फार मोठा नव्हता. पण मॅश छतापर्यंत गेला. ह्यांच्या चष्म्यावर, सदऱ्यावर, टांगलेल्या छत्रीवर, भिंतीवरच्या कालनिर्णयवर. जूनच्या पानावरचे ते डाग वर्ष संपेपर्यंत होते. ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “हा आंबट वास आहे.” ह्यांचं पहिलं निदान ते.

भाचीने मग समजावलं. धान्याच्या सालीवर दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद मुळातच असतात, बाहेरून आणावे लागत नाहीत. पाण्याखाली हवा तुटली की त्यांचं फावतं. ते साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करतात. त्यांच्यातले काही, आणि सोबतचे यीस्ट, वायूही सोडतात. तोच फेस, तीच फसफस, तोच आमच्या छतावरचा मॅश. झाकण हवं ते माशी आणि उंदीर अडवण्यापुरतं. वर फडकं बांधलं तरी चालतं. भांडं प्लॅस्टिकचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं. अॅल्युमिनियम नको, आंबटाने खातं. ह्यातलं काहीच मला नवीन नव्हतं. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात मी ताक कधी ठेवलं असतं का? पण कोंबडीचं खाद्य म्हटलं की आपण काहीतरी शास्त्रीय करतोय असं वाटून घरातली अक्कल मी उंबऱ्याशीच ठेवून गेले होते.

दुसरा घाणा बादलीत, फडकं बांधून. तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर पाण्यावर पांढरी चादर. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी हुंगलं.

“आंबट.”

“पण पांढरं आलंय ना वर!”

“मग टाकून दे.”

टाकलं. तिसरा घाणा, पुन्हा पांढरं, पुन्हा माडाच्या बुंध्याशी. तिसऱ्यांदा ओतत होते तेव्हा काकी गडग्यापलीकडून बघत होत्या. त्यांच्याने राहवेना.

“आगो बाय, ह्ये कशाला ओततेस?”

“बुरा आलाय, काकी.”

काकी गडगा ओलांडून आल्या, बादलीत बोट घातलं, ती चादर बोटावर उचलून माझ्या डोळ्यांपुढे धरली. “ही साय हाय. बुऱ्याला केस असतात.”

एवढ्या नेमक्या शब्दांत मला ते नंतरही कुणी सांगितलं नाही. साय सपाट असते, पांढरी, सुरकुतलेली, हलवली की मोडते. ती यीस्टची, काढून टाकली की झालं. बुरा लोकरीसारखा उभा राहतो, हिरवा, काळा, कधी गुलाबी, आणि कडेने भांड्याला धरतो. तो दिसला की बादलीच्या बादली फेकायची, वरवरचं काढून खालचं वापरायचं नाही. केस म्हणजे डोळ्यांचं काम. तिथे मला नाक लागत नव्हतं. त्या दिवशी दुपारी मी बऱ्याच दिवसांनी गाणं गुणगुणले असं ह्यांचं म्हणणं.

काकींना सगळा प्रकारच गमतीचा वाटत होता. त्यांच्या गोठ्यात रोज संध्याकाळी म्हशीला आंबोण असतं. पेंड, कोंडा, चुणी सकाळपासून भिजत पडलेली, वरून चिमूट मीठ. “म्हशीला देतो तसाच की,” त्या म्हणाल्या. “पन आमी कोंबऱ्यांना कदी मोजून घातलंय? खरकटं टाकलं, कन्या टाकल्या, बाकी त्या बगतात.” काकींच्या कोंबड्या खरोखरच बघतात. दिवसभर शेणकईत उकरत असतात, वाळवी, गांडुळं, बेडकाची पिल्लं खातात. आमच्या जाळीच्या आत आहेत, कारण मुंगसाने पहिल्याच महिन्यात एक तलंग नेली होती आणि ती काकींनी मुकाट्याने भरून दिली होती. आत ठेवलं की सगळं आपल्यालाच घालावं लागतं, आणि मग मोजावंही लागतं.

मोजण्यावरून आठवलं. सगळ्यात मोठी चूक त्यातच झाली, आणि तिचा वासाशी काही संबंध नव्हता.

मोठी कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम कोरडं खाद्य खाते. आमच्या नऊ जणांना मिळून किलोभर. माझ्याकडे स्टीलचा एक डबा आहे, त्यात बरोबर अर्धा किलो मॅश मावतो. सकाळी एक डबा, दुपारी एक डबा. आंबवलेलं द्यायला लागल्यावरही तोच डबा, तीच दोन मापं. कोंबड्या तुटून पडायच्या, पाच मिनिटांत भांडं चाटूनपुसून साफ. भुकटी नाही, सांडणं नाही. आणि पोतं! जे पन्नास दिवसांत संपायचं ते दोन महिने झाले तरी निम्मं. आंबवल्याने खाद्य निम्म्यावर येतं असं आम्ही डोंबिवलीच्या सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं. ह्यांनी तर वहीत हिशोब मांडून वर्षाची बचत काढली.

ऑगस्टच्या शेवटी अंडी उतरायला लागली. रोज तीन-चार मिळायची, त्याची दोन झाली, मग एक. एक गावरान खुडूक होती, तिचं सोडा. बाकीच्या नुसत्याच जाळीला चोच घासत उभ्या. मी अंधश्रद्धेच्या काठावर होते. कुणाची नजर लागली इथपर्यंत मजल गेली होती. काकींनी एक कोंबडी उचलली, छातीखाली हात घातला आणि माझा हात धरून तिथे टेकवला. मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं. दोन्ही बाजूंनी मांस भरलेलं असायला हवं तिथे खळगे.

“बाय, उपाशी हायत गो ह्या.”

दोन मापं रोज देत होते मी! त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, आणि पहाटे कधीतरी भाताचं पातेलं डोळ्यांपुढे आलं. एक वाटी तांदळाचा तीन वाट्या भात होतो, तो भात वाटीनेच मोजून वाढला तर माणसं अर्धपोटी उठतील, हे मला कुणी शिकवायची गरज होती? खाद्य पाणी पिऊन दुपटीहून जास्त फुगलं होतं. माझ्या डब्यात आता अर्धा किलो खाद्य नव्हतं; पाव किलोच्या आसपास खाद्य आणि बाकी विहीर होती. बचत कसली, कोंबड्यांच्या अंगावरचं मांस आम्ही वहीत जमा धरलं होतं.

तेव्हापासून कोरडं मोजते, मग भिजवते. किलोभर कोरडं भिजत घातलं की ते जेवढं होईल तेवढं सगळं त्यांचं. खरी बचत उरली ती सांडणाऱ्या भुकटीची. तीही कमी नाही, पण त्यावर वर्षाचा हिशोब मांडावा एवढी नाही. वहीतलं ते पान ह्यांनी फाडलं नाही, नुसतं दुमडून ठेवलंय.

मध्ये एकदा सगळंच थंड पडलं. पाऊस ओसरला होता, ऊबही होती, तरी दोन दिवस बादलीत काही हललं नाही. फेस नाही, बुडबुडा नाही. हे हुंगून म्हणाले, “कसलाच वास नाही.” मला क्षणभर वाटलं, ह्यांचंही गेलं की काय! मग लक्षात आलं, आदल्या दिवशी ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकून गेला होता. पावसाळ्यात टाकतातच, टाकायलाच हवी. ती जंतू मारते, आणि आमचे कामाचे जंतू काही तिला वेगळे ओळखता येत नाहीत. आता पावडरीच्या दिवसांत पाणी उघड्या घमेल्यात रात्रभर ठेवते आणि जुन्या घाण्यातलं वाटीभर आंबट पाणी नव्यात घालते. विरजणच ते. विरजण घातल्यापासून तीन दिवसांचं काम दीड-दोन दिवसांवर आलं, आणि नासायची धास्ती निम्म्याने कमी झाली, कारण चांगले जिवाणू पहिल्या तासापासून हजेरीवर असतात.

तरी रोजचा प्रश्न उरलाच होता: आज द्यायचं की नाही? आणि ह्यांचं उत्तर एकच, “आंबट.” चांगलं आंबट, उतरलेलं आंबट, सडायला लागलेलं आंबट, सगळं एकाच मापात. या माणसाने बत्तीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं. आमटीला आज हिंग वेगळा होता हे एकदाही ओळखलं नाही.

मी परीक्षाच घेतली. एका रविवारी ओट्यावर सहा वाट्या मांडल्या. एकीत ताक, दुसरीत व्हिनेगर, तिसरीत दोन दिवसांचं आंबोळीचं पीठ, चौथीत मुद्दाम पाण्यात ठेवलेला तीन दिवसांचा भात, पाचवीत मोरीतल्या ओल्या फडक्याचा तुकडा आणि सहावीत भाची विसरून गेलेल्या नेलपेंट काढायच्या बाटलीतले चार थेंब. ते शेवटचं अशासाठी, की मे महिन्यात घाणा चार-पाच दिवस राहिला की यीस्ट शिरजोर होतात आणि तसला उग्र वास येतो, असं भाचीने सांगितलं होतं. ह्यांच्या डोळ्यांवर नॅपकिन बांधला.

“ताक,” पहिली बरोबर. दुसरी, “लोणचं?” ठीक. तिसरी, “आंबट.” चौथी, “घाण.” पाचवीला बराच वेळ लागला. नाक आत, नाक बाहेर. मग एकदम चेहरा उजळला.

“ही आपली 8.14! जुलैतली!”

“काय?”

“अगं लोकल. खिडक्या बंद, सगळ्यांच्या छत्र्या गळताहेत, मांडीवरच्या बॅगा ओल्या. तोच वास. अगदी तोच.”

मी वही घेतली.

चौतीस वर्षं डोंबिवली ते व्ही.टी. केलेल्या माणसाच्या नाकात वास नव्हते असं नाही, ते स्वयंपाकघरातल्या नावांनी ठेवलेले नव्हते एवढंच. सगळा साठा मध्य रेल्वेवर होता. ताक आणि आंबोळीचं पीठ म्हणजे सकाळी फलाटावरच्या आरेच्या दूधकेंद्रामागे रिकाम्या क्रेट रचलेल्या असायच्या, तिथला वास. तीन दिवसांचा भात म्हणजे कांजूर, वाऱ्याची दिशा वाईट असतानाचं. बुरशीचा कुबट वास म्हणजे पारसिकचा बोगदा. गाडी आत शिरली की भिंतींच्या ओलीचा जो गार भपकारा यायचा तो. नेलपेंट म्हणजे कुठलं तरी रंगाचं दुकान, त्याला स्टेशन सापडलं नाही. आणि अजून पुरतं आंबलेलं नसलं, नुसता भिजलेल्या पिठाचा वास असला, तर? हे थोडा विचार करून म्हणाले, “दिवा. गाडी निघालीय, पण दिव्याला उभी आहे.” मध्य रेल्वेवर ज्याने नोकरी केली त्याला हे समजावून सांगायला नको.

दुसऱ्या दिवसापासून बादलीवरून हाक यायला लागली. “आरे!” म्हणजे द्या. “दिवा!” म्हणजे संध्याकाळपर्यंत थांबा. एकदा “आठ-चौदा!” आली. पाणी खाली गेलं होतं, वरचं खाद्य उघडं पडून कोमट, दमट झालं होतं. केस आले नव्हते अजून, पण मी ओतून टाकलं. काकींना या हाका ऐकून आम्हा दोघांची काळजी वाटायला लागली असावी.

भाचीला गंमत वाटली, पण ती शास्त्राची. तिने पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या पाठवल्या. पट्टी पाण्यात बुडवायची आणि रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. साडेचारच्या खाली उतरलं की आंबट पुरेसं झालं. साल्मोनेलासारख्या रोगजंतूंना तिथे टिकणं जड जातं. आता हा माझा विभाग, डोळ्यांचा. ह्यांनी “आरे” म्हटलं की मी पट्टी बुडवते, आणि रंग चार ते साडेचारमध्ये येतो. “दिव्या”ला पाचाच्या वर. सुरुवातीला मी आधी पट्टी बघायचे आणि मग ह्यांना विचारायचे, पकडता येतं का ते. दोन आठवडे प्रयत्न केला. नाही पकडता आलं.

याच पट्टीच्या जोरावर मी थोडी शेफारले आणि मॅशमध्ये निम्म्याने मका आणि तांदळाच्या कण्या मिसळायला लागले, कारण नुसता मॅश आंबून पिठल्यासारखा होतो, अख्खे दाणे छान मोकळे राहतात. पंधरा दिवसांत खुराड्यात कवच नसलेलं अंडं सापडलं, पाण्याच्या पिशवीसारखं मऊ. मॅशमधला चुना निम्म्यावर आला होता. एका कवचाला दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं, ते मक्यात कुठून येणार? प्रथिनांचंही तेच. आता मका मूठभरच, आणि एका वाटीत तिसऱ्यांच्या शिंपल्या खडबडीत कुटून वेगळ्या ठेवलेल्या असतात. ज्या कोंबडीला हव्या ती खाते. कोंबडा ढुंकून बघत नाही.

सगळे विचारतात, अंडी वाढली का? नाही वाढली. पूर्वीइतकीच आहेत, पोटभर घालायला लागल्यापासून. धान्यातला बराचसा फॉस्फरस फायटिक आम्लात अडकलेला असतो आणि आंबवल्याने तो थोडाफार सुटतो, असं भाची सांगते. ते कोंबडीच्या आत चालतं, मला दिसत नाही. मला दिसतं ते एवढं की जमिनीवर भुकटी नाही, घुशी कमी झाल्या. खुराड्याचा वासही कमी झालाय, असं ह्यांचं म्हणणं. पूर्वी कुठलं स्टेशन होतं ते त्यांनी सांगितलं, मी लिहीत नाही.

परतीच्या पावसानंतर आम्ही मका आणायला गेलो होतो. दुकानदाराने पोतं उघडून दाखवलं. दाणे टपोरे, पिवळेजर्द, मला काही वावगं दिसेना. भाव पाडून देत होता. मी पैसे काढले. हे वाकले, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातली मूठ वर काढून नाकाशी धरली.

“पारसिक,” म्हणाले.

“काय म्हणालात?” दुकानदार.

“दुसरं पोतं आहे का बघा,” मी म्हटलं आणि पैसे परत पाकिटात ठेवले.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, “पण आपण आंबवणारच ना? आंबटात सगळं मरतं म्हणालीस.” आणि मला एकदम घाम फुटला, कारण इतके दिवस मीही तसंच धरून चालले होते. भाचीला तिथूनच फोन लावला. बुरशी मरेल मामी, ती म्हणाली, पण तिने आधीच सोडलेलं विष कुठे जाणार? मक्यावर, शेंगदाण्याच्या पेंडीवर ओलीत जी पिवळट-हिरवी बुरशी चढते तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ते शिजवून जात नाही, आंबवून जाईल असा भरवसा धरता येत नाही. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. काय झालं कुणाला कळेना, म्हणून रोगाला ‘टर्की एक्स’ नाव दिलं, आणि शोध घेत गेले तेव्हा गाडी येऊन थांबली ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपाशी. आपल्याकडे 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला, आणि शंभरावर माणसं दगावली. माणसं, भाची पुन्हा म्हणाली.

मी पिशवी घेऊन एसटीत बसले होते आणि तो टपोरा, पिवळाजर्द मका डोळ्यांपुढून हलत नव्हता. बादलीत काय चाललंय ते मी डोळ्यांनी, बोटांनी, पट्टीने कसंबसं ओळखत होते. कोरड्या पोत्यापुढे यातलं काहीही चाललं नसतं. तळाशी ओल होती, ती फक्त नाकाला कळली. ह्यांच्या.

हे मात्र त्या दिवसापासून हवेत आहेत. दूध तापवायच्या आधी हुंगतात. डाळीचा डबा हुंगतात. काकींच्या गोठ्यात जाऊन म्हशीचं आंबोण हुंगून आले आणि “आरेच्या जरा पुढे गेलंय” असं सांगितलं, त्यावर काकींनी त्यांना शेणाची पाटी उचलायला लावली.

परवा रात्री मी इडलीचं पीठ झाकून ठेवलं होतं. सकाळी उठून झाकण काढलं. जाळी बऱ्यापैकी पडली होती, बोटाने चाटलं तर आंबट लागलं. पात्र शेगडीवर ठेवून पाणी घातलं. हे बादलीचं काम उरकून पाय धूत होते, ते तसेच ओल्या पायांनी आत आले, पातेल्यावर वाकले आणि झाकण परत ठेवून दिलं.

“दिवा,” म्हणाले. “नऊ वाजेपर्यंत थांब.”

बत्तीस वर्षांत या माणसाने माझ्या पिठावर ब्र काढला नव्हता. मी काही बोलले नाही. ते चहा घेऊन पडवीत गेले तशी कपाटातून एक पट्टी काढली आणि पिठाच्या कडेला जमलेल्या पाण्यात हळूच बुडवली. रंग पाचाच्या वरच थांबला. शेगडी बंद केली आणि पोहे भिजवले.